नोकरी सांभाळून पाळकसेवा: आठवडा कसा जातो आणि होकार देण्याआधी काय ठरवून घ्यावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एका लहान मंडळीने, म्हणजे स्थानिक चर्चने, तुम्हाला पाळक (धर्मसेवक) म्हणून पाचारण केलं आहे. पूर्ण पगार द्यायची तिची ऐपत नाही, म्हणून ती तुमचा निम्मा वेळ मागते आहे आणि नोकरी चालू ठेवायला तिची हरकत नाही. तुमचं धर्मशिक्षण झालं आहे, मनातून ओढही आहे. पण रोजचं जगणं कसं असतं, दोन्हीकडे प्रामाणिक राहता येतं का आणि घरच्यांची किती ओढाताण होते, हे तुम्हाला आधी समजून घ्यायचं आहे. मी बरीच वर्षं हेच करत आलो आहे. आठवडाभर नोकरी, आणि पहाटे, संध्याकाळी व रविवारी मंडळी. त्या अनुभवातून लिहितो.

जमतं, आणि चांगलं जमतं. मात्र तुमचे तास जेवढे कमी, तेवढं काम मंडळीने स्वतःच्या अंगावर घेतलं पाहिजे. निम्म्या पगारात पूर्ण वेळाचं काम करून घ्यायचं असं मंडळीने मनाशी धरलं असेल, तर पाळक कितीही कष्टाळू असला तरी काही वर्षांत तो थकतो, मंडळी नाराज होते आणि दोघांनाही वाटत राहतं की आपलंच काहीतरी चुकलं. वेळेचं नियोजन, कामाचा उरक, कमी झोपेत भागवण्याची सवय या सगळ्याचा उपयोग होतो, पण ही एक गोष्ट जागेवर नसेल तर त्यातलं काही पुरत नाही.

आधी तासांचा हिशेब मांडू या. समजा आठवड्याला वीस तास ठरले. रविवारची उपासना, त्याआधीची मांडामांड, नंतर थांबून लोकांशी बोलणं यात पाच तास जातात. उपदेश मन लावून तयार केला तर आठ तास. समितीची बैठक, फोन, पत्रव्यवहार, पुढच्या रविवारची गीतं आणि वाचनं ठरवणं यात तीन. उरले चार. त्या चार तासांत घरभेटी, आजारी माणसं, बाप्तिस्म्याची आणि विवाहाची पूर्वतयारी, मधल्या वारची प्रार्थनासभा हे सगळं बसवायचं. त्यातच मंडळीत कुणी देवाघरी गेलं, तर कुटुंबाजवळ बसणं, अंत्यविधीची तयारी, प्रत्यक्ष विधी आणि नंतरची भेट मिळून दहा तास सहज लागतात. म्हणून वीस तास आठवड्याच्या हिशेबाने मोजूच नका. महिन्याचे ऐंशी असं ठरवा. दुःखाच्या आठवड्यात तीस तास द्यावे लागले तर पुढच्या आठवड्यात दहावर थांबायचं, आणि हे समितीला आधीच माहीत असायला हवं.

सोमवारपासून सुरुवात करतो, कारण रविवारचा उपदेश सोमवारीच सुरू होतो. शनिवारी रात्री बसून उपदेश लिहायचा विचारही करू नका. नोकरीतला आठवडा संपल्यावर डोक्यात फक्त शिळी वाक्यं उरलेली असतात. मी सोमवारी सकाळी कामाला निघण्याआधी पुढच्या रविवारचा शास्त्रपाठ मोठ्याने वाचतो, दोनदा. त्या दिवशी भाष्यग्रंथ उघडत नाही. जे खटकलं, जे कळलं नाही, तेवढंच एका कागदावर लिहून खिशात ठेवतो. मंगळवार-बुधवारी येता-जाता तो पाठ मनात घोळत राहतो. गुरुवारी संध्याकाळी अभ्यास: भाष्यं, संदर्भ, शब्दांचे अर्थ. शुक्रवारी लिहिणं. वीस मिनिटं बोलायचं असेल तर साधारण दोन हजार शब्द पुरतात, त्याहून जास्त लिहिलं तर कापायला बसा. शनिवारी फक्त मोठ्याने वाचून पाहायचं आणि जी वाक्यं तोंडात अडकतात ती बदलायची.

यात एक मोठा आधार आहे, तो म्हणजे ठरलेली वाचनसूची, कोणत्या रविवारी बायबलमधला कोणता भाग वाचायचा याची यादी. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या १९९२ साली प्रसिद्ध झालेली तीन वर्षांच्या चक्राची सामायिक वाचनसूची वापरतात: एका वर्षी मत्तयाचं शुभवर्तमान, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक, आणि योहान मधल्या सणांच्या काळात. तुमच्या पंथात ती सक्तीची नसली तरी स्वतःहून धरा. काय बोलावं हे शोधण्यात अर्धा आठवडा घालवण्याएवढा वेळ आपल्याजवळ नसतो, आणि सूचीमुळे आपल्या आवडीच्या चार-पाच विषयांभोवतीच फिरत राहण्याची सवयही लागत नाही.

आणि उपदेशात नोकरीचा अडथळा होतो असं समजू नका. लूकच्या पाचव्या अध्यायात पेत्राच्या होडीचा प्रसंग आहे. येशू त्याची होडी मागतो तेव्हा कोळी जाळी धूत आहेत. म्हणजे रात्रभराचं काम आटोपलंय, हाती काही लागलेलं नाही, आता आवरून घरी जायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात असणार. अशा वेळी कुणीतरी येऊन होडी मागतो, तीत बसून लोकांना शिकवतो आणि वर म्हणतो, खोल पाण्यात ने. हा पाठ मी धर्मशिक्षणाच्या काळात शिकलो तेव्हा माझं सगळं लक्ष माशांच्या चमत्कारावर होतं. दिवसभर राबून, वरिष्ठांचं ऐकून घेऊन संध्याकाळी घरी परतायला लागलो, तेव्हा धुतलेली जाळी पुन्हा पाण्यात टाकणं म्हणजे काय ते अंगाला कळलं. समोर बसलेल्या लोकांपैकी बहुतेक जण आठवडाभर तसेच थकलेले असतात. त्यांच्याशी बोलताना मला फार लांबून बोलावं लागत नाही. ही या सेवेची खरी श्रीमंती आहे आणि ती तुम्हाला पहिल्या दिवसापासून मिळेल.

आता सगळ्यात अवघड भाग. वाईट बातमीचा फोन कामाच्या वेळेतच येतो. अशा वेळी बाजूला जाऊन मी तीन गोष्टी विचारतो: आत्ता तुमच्याजवळ कोण आहे, डॉक्टर काय म्हणाले, आणि मी याच क्षणी यायला हवं की संध्याकाळी आलो तर चालेल. बरेचदा लोक स्वतःच म्हणतात, संध्याकाळी या. त्यानंतर मी लगेच मंडळीतल्या वडिलांपैकी, म्हणजे मंडळीची जबाबदारी घेतलेल्या ज्येष्ठांपैकी, एकाला फोन करतो आणि तो वडील तासाभरात तिथे पोहोचतो. ही व्यवस्था आधी लावून ठेवलेली असते. कोणत्या वारी कोण मोकळा आहे, कुणाकडे गाडी आहे, कुणाला आजाऱ्याजवळ शांत बसता येतं, हे सगळं लिहून ठेवलेलं असतं.

एकदा असाच निरोप आल्यावर मी काम संपवून पोहोचलो. एक वयस्कर बाई शेवटच्या घटका मोजत होत्या. आमच्या मंडळीतले एक निवृत्त शिक्षक दुपारपासून तिथे बसून होते. त्यांनी तेविसावं स्तोत्र वाचलं होतं, तेही एकदाच आणि हळू. मग नुसते हात धरून बसले होते. मुलं रडून शांत झाली होती. पाण्याचा ग्लास, ओला रुमाल, खोलीतला मंद दिवा, सगळं त्यांनी न सांगता पाहिलं होतं. मी आत गेलो तेव्हा थोरल्या मुलाने मला खुर्ची दिली आणि म्हणाला, सरांनी प्रार्थना केली आहे, आता तुम्ही करा. पाळक म्हणून माझी तिथे गरज होती, पण पाळकाने एकट्याने करायचं असं त्या खोलीत काहीच उरलं नव्हतं. तुमची मंडळी इथवर पोहोचायला दोन-तीन वर्षं लागतील. त्यासाठी वडिलांना भेटीला सोबत घेऊन जा, नंतर त्यांना बोलू द्या आणि तुम्ही गप्प बसा, त्यानंतर त्यांना एकटं पाठवा. आजाऱ्याजवळ काय बोलू नये हे मात्र सांगूनच पाठवा: देवाची इच्छा असेल तसं होईल, याहून वाईट आजार मी पाहिलेत, अशी वाक्यं.

हे काही नवं शहाणपण नाही. बायबलमध्ये निर्गमच्या अठराव्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्यायनिवाडा करताना दिसतो आणि त्याचा सासरा इथ्रो त्याला स्पष्ट सांगतो की तू करतोस ते बरं नाही, तूही झिजशील आणि हे लोकही. प्रेषितांच्या कृत्यांत सहाव्या अध्यायात विधवांच्या रोजच्या वाटपाची तक्रार आली तेव्हा प्रेषितांनी ते काम सात जणांवर सोपवलं. हे दोन पाठ पहिल्याच महिन्यात समितीबरोबर बसून वाचा. तुमच्या सोयीसाठी नवीन काही काढलंय असं मग कुणाला वाटणार नाही.

अर्धवेळ पाळक म्हणजे कमी दर्जाचा, असं बोलणारे लोक भेटतील, कधी मंडळीतच भेटतील. त्यांच्याशी वाद घालू नका, पण स्वतःच्या मनात गोष्ट स्पष्ट असू द्या. प्रेषित पौल करिंथला गेला तेव्हा अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहिला आणि त्यांच्याबरोबर तंबू करण्याचा धंदा केला. करिंथमध्ये तो दीड वर्ष होता. सीला आणि तीमथ्य मासेदोनियाहून आल्यावर तो वचन सांगण्यात गढून गेला, आणि मासेदोनियाच्या बांधवांनी त्या काळात त्याची गरज भागवली हे त्याने स्वतःच नंतर लिहिलं आहे. म्हणजे कधी हाताने कमावून, कधी मंडळ्यांच्या मदतीवर, असं त्याचं चालत होतं. सुवार्ता सांगणाऱ्याला तिच्यावर उपजीविका करण्याचा हक्क आहे, हे तोच ठासून सांगतो आणि तो हक्क आपण वापरला नाही असंही सांगतो. दोन्ही वाक्यं एकत्र वाचा. फुकट सेवा करणारा मोठा असा अर्थ त्यातून निघत नाही.

अलीकडच्या काळातही हा मार्ग निरनिराळ्या मंडळ्यांनी चालून पाहिला आहे. रोलंड ॲलन हे इंग्लिश मिशनरी चीनमध्ये काम करून आले आणि पुढे आयुष्यभर मांडत राहिले की ज्यांचा उदरनिर्वाह स्वतःच्या कामावर चालतो अशा लोकांना पाळकपदाची दीक्षा द्यावी, म्हणजे लहान मंडळ्या प्रभुभोजनावाचून (भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याच्या विधीवाचून) राहणार नाहीत. फ्रान्समध्ये १९४०च्या दशकात काही कॅथलिक धर्मगुरू कारखान्यांत मजूर म्हणून काम करू लागले. १९५४ मध्ये रोमने, म्हणजे पोपच्या कारभाराने, तो प्रयोग थांबवला आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या (कॅथलिक बिशपांच्या महासभेच्या) अखेरीस, १९६५ मध्ये, पुन्हा परवानगी दिली. त्याच परिषदेनंतर कॅथलिक चर्चमध्ये कायमस्वरूपी डीकनचं, म्हणजे धर्मगुरूच्या खालच्या दीक्षित सेवकाचं, पदही पुन्हा सुरू झालं. विवाहित पुरुष नोकरी-धंदा करत ही सेवा करतात. बाप्तिस्मा देतात, उपदेश करतात, विवाह आणि अंत्यविधी लावतात, मात्र मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनाची उपासना, अर्पण करू शकत नाहीत. तुमच्या पंथात अर्धवेळ पाळकाला काय करता येतं आणि काय नाही, प्रभुभोजन कोण देऊ शकतं, तुम्ही नसताना उपासना कुणी चालवायची, याचे नियम ठरलेले असतील. ते तोंडी ऐकू नका, लेखी मागून घ्या.

नोकरीच्या ठिकाणी पहिलं काम म्हणजे वरिष्ठांना सांगणं. लपवून ठेवलं की पहिल्याच अंत्यविधीच्या दिवशी खोटं कारण द्यावं लागतं, आणि ज्याने रविवारी व्यासपीठावर उभं राहायचं त्याला ते परवडत नाही. नोकरीच्या वेळेत मंडळीचं काम करायचं नाही, तिथल्या यंत्रावर मंडळीचे कागद छापायचे नाहीत, जेवणाच्या सुट्टीतले फोन सुट्टीतच संपवायचे. ही शिस्त आपण कडक पाळली की सहकाऱ्यांचा विश्वास बसतो. मग हळूहळू ते स्वतःहून येऊन बसतात: कुणाचं घर मोडायला आलेलं असतं, कुणाची आई स्मृती हरवत चाललेली असते. त्यातले कित्येक कधीच कुठल्या चर्चमध्ये पाऊल टाकणार नसतात. त्यांचं ऐकून घ्या, त्यांना मंडळीत ओढण्याच्या मागे लागू नका आणि त्यांनी सांगितलेलं उपदेशात उदाहरण म्हणूनही वापरू नका, नाव बदलूनसुद्धा.

रजेचा प्रश्न दरवर्षी येतो. नाताळ ठरलेला असतो, पण पुनरुत्थानाचा रविवार (ईस्टर) फिरतो. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार, म्हणजे २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये कधीही. चर्चच्या पंचांगात ही पौर्णिमा ठरावीक कोष्टकावरून काढतात, त्यामुळे तारखा कित्येक वर्षं आधी कळतात. २०२७ मध्ये पुनरुत्थान दिन २८ मार्चला आहे, म्हणजे राखेचा बुधवार, उपवासकाळाचा पहिला दिवस, १० फेब्रुवारीला. २०२८ मध्ये तोच रविवार १६ एप्रिलला येतो. पुढच्या तीन वर्षांच्या तारखा एका कागदावर लिहा आणि पवित्र आठवड्याची रजा वर्षाच्या सुरुवातीलाच मागून ठेवा. झावळ्यांच्या रविवारपासून पुनरुत्थानाच्या पहाटेपर्यंतचे ते आठ दिवस नोकरी करून निभावतात, पण रविवारी सकाळी ‘प्रभू उठला आहे’ म्हणताना आवाजात जीव उरत नाही. निदान गुरुवारपासून सुट्टी घ्याच. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर मनन असेल तर ते सातही एकट्याने करू नका. सात जणांना दोन महिने आधी वाटून द्या: एखादी परिचारिका, एखादा विद्यार्थी, एखादी आजी. प्रत्येकाबरोबर एकदा बसून त्याचं मनन ऐकून घ्या. ‘मला तहान लागली आहे’ या उद्गारावर आजाऱ्यांना पाणी पाजणाऱ्या बाईने केलेलं मनन मी कितीही अभ्यास केला तरी मला करता आलं नसतं.

घराबद्दल तुम्ही विचारलंत. तुमची पत्नी मंडळीची बिनपगारी मदतनीस नाही, हे पहिल्याच बैठकीत तिच्यासमोर आणि तिच्या संमतीने सांगा. तिला महिला संघात जायचं असेल तर ती जाईल, गायचं असेल तर गाईल, आणि मागे बसून नुसती उपासना करायची असेल तर तेही तितकंच चांगलं. मुलांनाही हेच लागू. आठवड्यातली एक पूर्ण संध्याकाळ आणि एक अर्धा दिवस घरासाठी राखून ठेवा, त्या वेळी फोन एखाद्या वडिलांकडे वळवा. शब्बाथाची आज्ञा आपण लोकांना शिकवतो, आणि रविवार हा तर आपला सर्वांत कामाचा दिवस. म्हणजे विसाव्याचा दिवस दुसरा शोधावाच लागतो. मार्कच्या सहाव्या अध्यायात लोकांची ये-जा इतकी होती की शिष्यांना जेवायलाही सवड नव्हती, आणि तेव्हा प्रभूने त्यांना एकांतात चलून थोडा विसावा घ्यायला सांगितलं. ते बोलावणं मी अक्षरशः घेतो.

तुमची स्वतःची प्रार्थना सगळ्यात आधी गळून पडते, हेही सांगून ठेवतो. दिवसातून दहा वेळा इतरांसाठी प्रार्थना केली की आपली झाली असं वाटायला लागतं. पहाटेची वीस मिनिटं कुणासाठीच नसलेली ठेवा. उपदेशाचा पाठही त्या वेळी वाचू नका. आणि मंडळीबाहेरचा एक अनुभवी पाळक गाठा, ज्याच्याजवळ महिन्यातून एकदा मन मोकळं करता येईल.

आता पैसे. याबद्दल बोलायला संकोच वाटतो, पण न बोलल्याने नंतर कटुता येते. मानधन किती, प्रवासखर्च आणि फोनचा खर्च वेगळा मिळणार की त्यातच धरलाय, वर्षातून किती रविवार सुट्टी, त्या रविवारी येणाऱ्या पाहुण्या पाळकाला कोण आणि किती देणार, पुस्तकं आणि प्रशिक्षण यांची तरतूद आहे का, आजारपणात काय, दरवर्षी फेरविचार कधी होणार, हे सगळं नेमणुकीच्या पत्रात आलं पाहिजे. मंडळीचे पैसे स्वतःच्या हाताने मोजू नका, बँकेच्या कागदांवर एकट्याची सही ठेवू नका. अर्पण दोघांनी मिळून मोजावं आणि खजिनदाराने नोंद करावी.

त्याच पत्रात दुसरी यादी हवी आणि माझ्या मते तीच जास्त महत्त्वाची: तुम्ही काय करणार नाही आणि ते कोण करणार. संडेस्कूल कोण चालवणार, इमारतीची दुरुस्ती कोण पाहणार, नोंदवह्या कोण ठेवणार, मधल्या वारची प्रार्थनासभा महिन्यातून किती वेळा वडील घेणार, आजाऱ्यांच्या भेटींची आखणी कोण करणार. प्रत्येक कामापुढे एका माणसाचं नाव. ‘समिती पाहील’ असं लिहिलेलं काम कुणीच पाहत नाही.

समितीला उत्तर देण्याआधी ही यादी घेऊन त्यांच्यासमोर बसा. नावं त्यांनाच भरू द्या. सगळी भरली गेली नाहीत तरी हरकत नाही, निम्मी भरली आणि उरलेल्यांसाठी लोक आपसांत बोलायला लागले तर मी तुमच्या जागी होकार देईन. यादी बघून ‘तुम्ही आधी या तर, मग बघू’ असं म्हणाले, तर घाई करू नका. एक महिन्याचा वेळ मागा, त्या महिन्यात दोन रविवार तिथे जाऊन उपदेश करा, वडिलांपैकी दोघा-तिघांना त्यांच्या घरी जाऊन भेटा आणि मग तीच यादी पुन्हा पुढे ठेवा.